मामीच्या वाटची चिमूट

३ जून

मुंगीबाई,

आशीर्वाद घे आणि बसून वाच, कारण यात कामं आहेत.

ऑपरेशन झालं. गळ्याला नळी आहे आणि आवाज रजेवर गेलाय. जन्मभर बस आगारात माइकवर ओरडून गावाला गाड्या दाखवल्या, आणि आता शेजारच्या खाटेवरच्या माणसाला 'घोरू नका' एवढंही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, मशीनच्या किरणांचा शेक पूर्ण झाला की कुजबुजण्याइतका आवाज कदाचित येईल. 'कदाचित' हा शब्द मीही माइकवरून फार वापरलाय, तेव्हा त्याचं वजन मला ठाऊक आहे. फोनवर बोलणं बंद, आणि त्यावर लिहायला गेलो तर माझी जाड बोटं दोन-दोन बटणं एकदम दाबतात. म्हणून पत्र.

आता माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. पाणी उडून कमी झालं की वरून फक्त शुद्धीकरणाच्या मशीनचं गोडं पाणी घालायचं. मीठ कुठे उडून जात नाही, तेव्हा खारं घालू नकोस. नळाचं तर अजिबात नाही. आठवड्याला एक बादली पाणी बदल. मिठाचं माप बादलीवर रंगवलंय. पंपाचा आवाज बदलला तर त्याचं तोंड साफ कर.

दाणे दोनदा. सकाळी मामीच्या वाटचे, संध्याकाळी माझ्या वाटचे. तुझी बोटं काडीसारखी, चिमटीत काय येणार! म्हणून डब्यात चमचा ठेवलाय. माझी चिमूट म्हणजे तो चमचा सपाट भरून. सकाळचं चुकवू नकोस. मामी गेल्यापासून एकही सकाळ चुकलेली नाही.

आणि तिचं जिवंत पोवळं. नखाएवढा तुकडा आणला होता तिने, आता मुठीएवढा झालाय. त्याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. संध्याकाळी त्याची बारीक बारीक तोंडं उघडली, की समजायचं सगळं ठीक आहे.

तुझा मुका मामा

---

१४ जून

मामा,

पत्र मिळालं. तुझा आवाज नाही म्हणून घर फार चांगलं वाटतंय असं लिहिणार होते, पण नाही वाटत.

रोज लाँड्री उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर येते. तो पिवळा मासा, तुझा इन्स्पेक्टर, मला अजून ओळखत नाही. मी दिसले की खडकामागे जातो आणि दाणे पडले की लगेच ड्यूटीवर हजर होतो. केशरी जोडपं भांडतंय. शंखातला भाडेकरू खेकडा घर बदलून मोठ्या शंखात राहायला गेला, सामानसुमानासकट. पोवळं संध्याकाळी उघडतं, मी बघत उभी राहते.

एकच विचारायचं होतं. मागच्या खडकावर हिरव्या केसांसारखं काहीतरी उगवलंय. आधी मला वाटलं शोभेचं आहे. ते असायला हवं का?

खाण्याकडे लक्ष दे. आई रोज विचारते, मी रोज 'छान आहे' सांगते.

मुंगी

---

२० जून

मुंगे,

शोभेचं काय! ते शेवाळ आहे. टाकीची वाट लागते त्याने.

नळाचं पाणी घातलंस का? खरं सांग. खिडकीचा पडदा उघडा ठेवलास का? ऊन थेट टाकीवर येतं. पडदा लावून टाक आणि वरचा दिवा रोज थोडा कमी वेळ ठेव. पाणी दुप्पट बदल. हात घालून शेवाळ उपट, पण उपटलेलं पाण्यात सोडू नकोस. जिथे जाऊन चिकटेल तिथे नवा संसार थाटेल. एका हातात नळी धर, म्हणजे तुटलेलं लगेच ओढलं जाईल. खडक जुन्या दात घासायच्या ब्रशने घास. टाकीतल्या गोगलगायी खातील, पण त्या काय, सरकारी वेगाने खाणार.

दाणे जास्त पडत असतील तरी शेवाळ येतं. चमचा सपाटच भरतेस ना? ढीग करून नाही ना?

इथे शेक सुरू झालाय. मशीनखाली हलायचं नसतं. मी डोळे मिटतो आणि मनाने टाकीसमोर स्टुलावर जाऊन बसतो. तेव्हा जरा नीट सांभाळ, तिथे मी रोज येतोय.

मामा

---

२ जुलै

मामा,

नळाच्या पाण्याचा एक थेंब घातलेला नाही. पडदा पहिल्या दिवसापासून बंद आहे. तू सांगितलंस ते सगळं केलं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून घासत बसते, दुकानात गेले की गिऱ्हाइकं विचारतात, मीठ कसलं लागलंय हाताला? एक भाग साफ केला की दुसरा हिरवा. माझ्या नाकी नऊ आलेत. आता पोवळ्याच्या बुडाशी आलंय.

मासेवाल्या दुकानदाराकडे जाऊन आले. तो म्हणाला, पाण्यात काहीतरी जास्त होतंय.

मामा, एक विचारू? सकाळचा चमचा जरा कमी भरला तर चालेल का? नुसतं विचारतेय.

मुंगी

---

८ जुलै

मुंगी,

नाही चालणार.

मामीला शेवटी शेवटी स्वतःला दोन घास जात नव्हते. तरी रोज सकाळी भिंत धरत धरत टाकीपाशी यायची आणि यांना घालायची. तेव्हा मी तिला 'राहू दे, मी घालतो' म्हटलं होतं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हटलं नाही. तिच्या वाटचं कमी करायचा विचारसुद्धा करू नकोस. दुसरं काहीही कर. माझ्या वाटचं कमी कर हवं तर. नाही, तेही नको, मासे गोंधळतील.

वजन उतरलंय. गिळताना काचा गिळल्यासारखं होतं. घोरणारे गृहस्थ घरी गेले, आता त्यांची आठवण येते. पोवळ्याचं तेवढं बघ, मुंगे. तिचं आता एवढंच वाढतंय.

मामा

---

२५ जुलै

मामा,

शेवाळ गेलं! पाणी इतकं स्वच्छ आहे की टाकीत पाणी आहे की नाही कळत नाही. खडक कोरे. इन्स्पेक्टर ठीक. केशरी जोडपं ठीक. दाणे दोन्ही वेळा घालते, सकाळचे पूर्ण चमचाभर.

आता तू फक्त जेव.

मुंगी

---

३१ जुलै

माझी गुणाची मुंगी,

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. नर्सबाईंना दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण मी हसतोय म्हणून त्याही हसल्या. त्या दिवशी पेजेची वाटी पूर्ण संपवली.

उगाच रागावलो तुझ्यावर. लाँड्रीवालीला डाग कसा काढायचा ते मी शिकवणार! पण केलंस काय ते लिहिलं नाहीस. गोगलगायी सकाळी काचेवर चढतात का? भाडेकरू कुठल्या शंखात आहे? पोवळं किती उघडतं? तू एरवी चार पानं लिहितेस, आणि आनंदाची बातमी चार ओळींत?

एक काम कर. फोटो काढून, छापून पाठव. पोवळ्याचा, जवळून. उशाशी ठेवीन.

मामा

---

१२ ऑगस्ट

मामा,

उशीर झाला. लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचं मोठं काम आलंय, पाठ वर करायला वेळ नाही.

सोबत फोटो आहे. पोवळं बघ कसं उघडलंय. गोगलगायी वगैरे सगळं तसंच. काळजी करू नकोस.

मुंगी

---

१७ ऑगस्ट

मुंगी,

फोटो मिळाला. छान आलाय.

टाकीच्या काचेत, डावीकडे, मामी दिसतेय. पुसट आहे, पण तीच. चष्मा डोक्यावर चढवलेला, एका हातात दाण्यांचा डबा, दुसरा हात पाण्यावर.

आता खरं काय ते लिही.

मामा

---

२० ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र वाचलं आणि फोनमध्ये तो फोटो पुन्हा उघडून बघितला.

मी तो फोटो निवडताना फक्त पोवळं बघत होते. दोन वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या फोनमध्ये सापडला तेव्हा 'सुटले' असं वाटलं, यावरून समज मी किती खाली घसरले होते ते. मामी त्यात आहे हे मला दिसलंच नाही. तिलाच मध्ये उभं करून मी तुझ्याशी खोटं बोलले.

पोवळं मेलं, मामा. पांढरं पडलंय, सगळंच्या सगळं. गोगलगायी एकेक करून तळाला पडल्या. भाडेकरू शंखाच्या बाहेर मेलेला सापडला, घर सोडून. मासे तेवढे वाचले.

औषधाने झालं. दुकानात बाटली मिळते, तीन दिवसांत शेवाळ साफ. तुला वाटेल मागची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. वाचली. कपड्याच्या आतली पट्टी वाचल्याशिवाय मी रुमाल पाण्यात बुडवत नाही, बाटली कशी सोडीन? स्पष्ट लिहिलं होतं, तांबं आहे, शंख आणि पोवळी असतील तर वापरू नये. पण आमच्याकडे नाजूक कपडा आला की औषध अर्धं घालतात. रेशमालाही चालतं ते. मी अर्धं घातलं आणि स्वतःला हुशार समजले. तिसऱ्या दिवशी टाकी लखलखीत झाली आणि तुला पत्र टाकलं. पत्र टाकून आले तर पहिली गोगलगाय उताणी पडली होती. ते पत्र पेटीतून परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

आणि एवढंच नाही. दुकानदार काय म्हणाला ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. मी किती घालते ते ऐकून तो म्हणाला, "अहो ताई, एवढ्याशा तीन माशांना तुम्ही दोन घरांचं जेवण घालताय. उरलेलं कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं. एक वेळचं बंद करा, औषधाची गरज नाही." मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तुला भीत भीत विचारलं. तू नाही म्हणालास. तुला न सांगता कमी करता आलं असतं. तू तिथे, मी इथे, कोण बघणार होतं? पण रोज सकाळी चमचा हातात घेतला की मामी भिंत धरून येताना दिसायची, आणि मी पूर्ण चमचा टाकायचे. तिच्या वाटचं वाचवायला गेले आणि तिचं पोवळं मारून बसले.

अजूनही दोन्ही वेळा घालते. शेवाळ पुन्हा यायला लागलंय. मला काय करायचं ते कळत नाही. तू पेज संपवलीस असं लिहिलं होतंस ना, ती कशाच्या आनंदात संपवलीस ते आठवलं की मला जेवण जात नाही. माफ कर असं लिहायलाही लाज वाटते.

मुंगी

---

९ सप्टेंबर

मामा,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही.

हॉस्पिटलातून आईला फोन आला होता, तुला पुढच्या आठवड्यात सोडणार म्हणून. आई तुला आणायला येईल. घर झाडून ठेवलंय. पाण्याच्या बादल्या भरून झाकून ठेवल्यात, दाण्यांचा डबा जागेवर आहे. तोवर दाणे घालत राहीन आणि निघताना किल्ली खाली शिंपीणबाईंकडे देईन. तू यायच्या आधीच मी निघते, ते तुला बरं पडेल.

पोवळं काढलेलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मुंगी

---

२१ सप्टेंबर

मुंगी,

घरी आलो. तुझ्या आईने जिन्यात प्रत्येक पायरीवर 'सावकाश' म्हटलं. आवाज गेला माझा आणि माइक मिळालाय तिला.

शिंपीणबाईंनी किल्ली हातावर ठेवली आणि विचारलं, "भाची येत नाही का हो आता?" मला उत्तर देता येत नाही म्हणून सुटलो.

उत्तर पाठवलं नाही कारण चिडलो होतो. खूप. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. त्यात असं काही होतं की ते टाकलं असतं तर आज मी तुला तोंड दाखवू शकलो नसतो. पोवळं गेलं त्याचं मला वाईट वाटतंय आणि वाटत राहणार. 'जाऊ दे गं, एवढं काय' असं मी म्हणणार नाही, तुलाही ते खरं वाटणार नाही. ते काढलं मी काल. धुतलं, आणि खिडकीत ठेवलंय. हातात घेतलं तर फार हलकं लागतं.

पण राग धरून बसायला गेलो तर तो फोटो आड येतो. उशाशीच होता तो रोज. मामीचे सगळे फोटो लग्नकार्यातले, नटूनथटून उभी. असा घरातला, चष्मा डोक्यावर असलेला, माझ्याकडे एकही नव्हता. चोरून पाठवलास, पण पाठवलास तू. रोज बघत होतो. आणि एके दिवशी तिचा तो पाण्यावरचा हात नीट बघितला.

मुंगे, किती लहान हात होता गं तिचा. तिची चिमूट म्हणजे पाच-सहा दाणे, जास्त नाहीत. मी तिला चिडवायचो, "एवढ्याने त्यांचा एक दात तरी भरेल का?" ती म्हणायची, "मी त्यांना जेवायला घालत नाही, हाक मारते." हे मी पार विसरून गेलो होतो. ती गेली आणि तिच्या वाटचं म्हणून मी माझ्या या जाड बोटांनी घालत राहिलो, वर तुला चमचा काढून दिला. शेवाळ तू आल्यावर आलेलं नाही. ते आधीपासून होतं. दर रविवारी दार लावून मी खरवडायचो आणि कुणाला, अगदी स्वतःलाही, सांगत नव्हतो. तुला विचारलं, नळाचं पाणी घातलंस का, खरं सांग. खरं मी सांगायला हवं होतं.

तू भीत भीत विचारलंस तेव्हा तुझं तोंड मी बंद केलं. दुसरं काहीही कर, असं मीच लिहिलं होतं. तू दुसरं केलंस. औषध तुझं, शेवाळ माझं. दोघांनी मिळून तिचं पोवळं घालवलं. हे असं वाटून घेतल्याने कमी होत नाही, पण निदान तू एकटीने उचलू नकोस. खोटं बोललीस ते मात्र तुझं तू बघ. माझं मी बघतोय.

आज सकाळी टाकीपाशी गेलो. तिच्याएवढीच चिमूट घ्यायची ठरवलं होतं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मूठभर आलं. बोटांना तेवढं बारीक येतच नाही. मग दाणे डब्यात परत टाकले आणि नुसताच हात पाण्यावर धरला. इन्स्पेक्टर आला, हात बघितला आणि माझ्याकडे बघून निघून गेला. इतका अपमान आगारातही कुणी केला नव्हता.

तुझी बोटं तिच्यासारखी आहेत. सकाळचं तू घालत जा, पाच-सहा दाणे. संध्याकाळचं मी घालीन, त्यातही मोजून. त्या औषधाचं तांबं खडकात मुरलंय, त्यामुळे गोगलगायी इतक्यात आणायच्या नाहीत. पाणी बदलत राहायचं आणि शेवाळ हाताने काढायचं. त्यालाही दोन माणसं लागतात. खडक धरून ठेवायचा, नळी धरायची आणि ब्रशही मारायचा, हे मला एकट्याला जमणार नाही.

सोबत किल्ली पाठवतोय. बेल वाजवत उभी राहू नकोस, मला 'आलो' म्हणता येत नाही.

मामा